नीलकवच

भयकक्षातले दिवे गेले तेव्हा केतकी बुगड काचेच्या अलीकडे उभी होती. पण तिची नजर काचेपलीकडच्या मुलीवर नव्हती. पडद्यावर सरकणाऱ्या चार रेघांवर होती. मुलगी तिचीच होती. जुई, वय वर्षं पाच.

भयकक्ष हे नाव मोठं, खोली लहान. आत नव्वद सेकंद अंधार होई, वारा घोंगावल्याचा आवाज येई आणि पायाखालची फळी किंचित हले. मुलांना हे सगळं आधी सांगितलेलं असे, दार नुसतं लोटलेलं असे, आणि मुलानं हाक मारली की त्या क्षणी दिवे लागत. जुईच्या आधी दोनशे तेरा मुलं आत जाऊन आली होती. बहुतेकांनी दहाव्या-बाराव्या सेकंदाला भोकाड पसरलं होतं.

जुई मात्र हात बाजूला सोडून उभी होती. हृदयाचे ठोके, श्वास, तळहाताचा घाम आणि गळ्याच्या स्नायूंचा ताण, या चारही रेघा माळावरच्या डांबरी रस्त्यासारख्या सरळ चालल्या होत्या.

"बघताय ना?" डॉ. फैयाज मुजावर कुजबुजले. "पन्नास सेकंद झाले. गळ्याची रेघ हललीसुद्धा नाही. हाक मारण्याआधी माणसाचा गळा आवळतो, हिला ते सुचतच नाही."

नव्वद सेकंद संपले. दिवे लागले. जुई बाहेर आली आणि तिनं विचारलं, "झालं?" प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केतकीनं मुलीला उचलून घेतलं, तिचा पापा घेतला आणि पुन्हा पडद्यापाशी गेली, कारण नोंद जतन करायची राहिली होती.

इचलकरंजीतल्या एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये 'वीरवेश वस्त्रशाळा' उभी होती. तिथे एकच गोष्ट तयार होई: लहान मुलांचे सुपरहिरोंचे पोशाख. केतकी ही तिथली मुख्य बेतकार, पोशाख आखून बेतणारी. वस्त्रशाळेत येण्याआधी दहा वर्षं ती घरीच शाळांच्या गॅदरिंगसाठी पोशाख शिवत असे. वांगं, वाघ, पोस्टमन, ढग, जे सांगाल ते. दर वर्षी ती विंगेत सुईदोरा घेऊन उभी राही, आणि दर वर्षी तेच पाही. महिनाभर खपून शिवलेला वाघ स्टेजवर जाई, समोरची माणसं पाही आणि चड्डी ओली करी. पोशाख बाहेरून मुलाला वाघ करतो, आतून काहीच करत नाही, ही तिची जुनी खंत होती.

डॉ. मुजावर तिला भेटले ते यामुळेच. ते आधी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काम करत. त्यांनी एक दुपटं विणलं होतं, जे बाळाला आईच्या ठोक्यांच्या लयीत थोपटत राही, आणि बाळाचा श्वास त्या लयीला लागे. तेच तत्त्व त्यांनी पोशाखात आणलं. संचालक पद्मराज चौगुले यांना त्यांनी ते पहिल्यांदा समजावलं, तेव्हा केतकी समोर बसलेली होती.

"यात दोन तऱ्हेचे धागे आहेत, चौगुलेसाहेब," मुजावर म्हणाले होते. "जाणधागा आणि चालधागा. जाणधागा अंगाला लागून असतो. ठोके वाढले, घाम सुटला, की त्याला कळतं. मग चालधागा आकसतो, सैलावतो, किंचित गरम होतो. छाती, पाठ, मान, तिन्ही जागी. रडणाऱ्या मुलाला तुम्ही थोपटता, तेव्हा काय करता? तुमच्या हाताची लय त्याच्या अंगाला देता. हे कापड तेच करतं."

"लय कुणाची पण?" चौगुल्यांनी विचारलं होतं. ते पिढीजात कापडवाले. नेमकी गाठ कुठे आहे ते त्यांना बरोबर कळे.

"तोच तर प्रश्न आहे. मोठ्या माणसाची चालत नाही, मुलांचं अंग ती नाकारतं. त्यासाठी खरोखर न घाबरणारं मूल लागेल. भीतीच्या क्षणी त्याचं शरीर काय करतं, याची नोंद घ्यायची. धैर्यनमुना म्हणू त्याला. तो चालधाग्यात भरला, की पोशाख घालणाऱ्या प्रत्येक मुलाचं शरीर त्या मुलासारखं वागेल."

"आणि पोशाख काढल्यावर?"

"पहिल्यांदा काहीच उरणार नाही. पण रोज घातला, तर हळूहळू अंगवळणी पडेल. शरीर शब्दांनी शिकत नाही, साहेब. जे पुन्हा पुन्हा घडतं, त्यानं शिकतं."

चौगुल्यांना ते पटलं. मुलांच्या नोंदी सुरू झाल्या, पाच नमुने निवडले गेले, पाच पोशाख बेतले गेले. त्यांत जुईच्या नमुन्याचा पोशाख केतकीनं स्वतः बेतला. गर्द निळा रंग, छातीवर ताण्याबाण्यासारख्या रुपेरी रेघा, पायात निळे बूट. या हिरोला तिनं मुखवटा दिला नाही. आपल्या मुलीचा शांत चेहरा डोळ्यांसमोर ठेवून तिनं तो काढला होता, आणि चेहरा झाकायला तिचं मन धजेना. त्याचं नाव ठेवलं नीलकवच.

नीलकवच दोन वर्षांत घराघरांत गेला. दुकानात मुलं आधी लाल गरुड घ्यायची, पिवळा भूकंपकुमार घ्यायची, कारण त्यांना पंख आणि पट्टे आवडत. पण आया नीलकवच पुढे करत. तो घातलेलं मूल स्टेजवर अडखळत नसे. दंतवैद्याच्या खुर्चीत गप्प बसे. इंजेक्शनला हात पुढे करी. मग गॅदरिंगपुरता घेतलेला पोशाख वाढदिवसाला आला, वाढदिवसाचा रोजच्या गणवेशाखाली गेला. पालकांनी मागणी केली म्हणून वस्त्रशाळेनं नुसती बनियनसारखी आवृत्तीही काढली. 'नीलकवच रडत नाही' ही ओळ केतकीचीच. शाळेच्या फाटकाशी मुलं ती म्हणताना ऐकली, की तिला आतून भरून येई. आपल्या एका मुलीचं धाडस आपण हजारो मुलांना वाटलं, असं तिला वाटे.

जुई या काळात सात वर्षांची झाली. शहाणी मुलगी, कधी हट्ट नाही. तिचे बाबा हुबळीला रेल्वेत, पंधरवड्यानं यायचे. त्यामुळे जुई शाळा सुटली की वस्त्रशाळेच्या माडीवरच्या पाळणाघरात येऊन बसे. केतकी खाली बेताच्या टेबलाशी असे. डब्यात भाजी खारट झाली तरी जुई सांगत नसे. चप्पल चावून पायाला फोड आला, तो केतकीला आंघोळ घालताना दिसला.

"सांगायचं नाही का गं?" केतकी म्हणाली.

"तू कामात होतीस," जुई म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. घड्याळात किती वाजले ते सांगावं, तसं तिनं सांगितलं.

त्या हिवाळ्यात जयसिंगपूरच्या एका शाळेनं केतकीला वेषभूषा स्पर्धेची परीक्षक म्हणून बोलावलं. दुपारची वेळ, मांडव भरलेला. बत्तीस मुलांपैकी अकरा नीलकवच होते. सातव्या क्रमांकाला ईशान खोत नावाचा दुसरीतला मुलगा नीलकवच घालून आला. स्टेजच्या कडेला, पाहुण्यांनी हार घालायच्या पुतळ्यासाठी ठेवलेला लाकडी चौथरा होता. ईशान त्याच्याजवळून जाताना चौथरा कलंडला आणि त्याच्या डाव्या पावलावर पडला. मांडवातून "आई गं!" असा आवाज उठला. दोन शिक्षिका धावल्या.

ईशाननं पाय बाहेर ओढला, माइकपाशी गेला आणि पाठ केलेल्या चारही ओळी स्वच्छ म्हटल्या. चेहऱ्यावर हसू होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. केतकीनंही वाजवल्या. पहिला क्रमांक कुणाचा, हे तिथेच ठरून गेलं.

बक्षीस द्यायच्या आधी ती विंगेत गेली. चौथऱ्याच्या कोपऱ्यानं बुटाची शिवण उसवली असेल, ती दोन टाके घालून द्यावी, एवढाच तिचा हेतू. तिनं ईशानचा बूट काढला. मोजा ओला होता. आधी तिला वाटलं, घाम असेल. मग तिच्या बोटांना लाल लागलं. दोन बोटं वेडीवाकडी झाली होती आणि पाऊल वांग्यासारखं सुजलं होतं.

"अरे, दुखत नाही का तुला?"

"दुखतंय," ईशान म्हणाला.

"मग ओरडला का नाहीस?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याला प्रश्न नीट कळला नसावा. "ओरडून काय होणार?" तो म्हणाला.

केतकीच्या हातातला मोजा तसाच राहिला. आवाज ईशानचा होता, पण म्हणण्याची ती तऱ्हा तिला ओळखीची होती. तशी ती रोज आपल्या घरात ऐकत होती. तेवढ्यात ईशानची आई धावत आली, पाय पाहून तिनं तोंडावर हात घेतला, आणि मग मुलाला म्हणाली, "शूर माझं बाळ ते!" डॉक्टरकडे नेईपर्यंत मुलानं हूं की चूं केलं नाही. पावलाची तीन हाडं मोडली होती.

दुसऱ्या दिवशी केतकी मुजावरांच्या खोलीत गेली आणि तिनं सगळं सांगितलं. मुजावरांनी टेबलाचा खण उघडला. त्यातून त्यांनी दोन पत्रं काढली. एक गडहिंग्लजच्या डॉक्टरचं होतं. त्यांच्याकडे एका मुलीचं आंत्रपुच्छ फुटून पोटात पू झाला होता. दोन दिवस पोटात कळा येत असताना ती शाळेत जाऊन येत होती, घरात कुणाला कळलं नाही. दुसरं एका जत्रेच्या संयोजकांचं. हरवलेला मुलगा सहा तास खेळण्यांच्या दुकानाच्या टेबलाखाली बसून होता. त्याच्या नावाचा पुकारा भोंग्यावरून चालू होता, आणि भोंगा त्या टेबलाच्या वरच होता. दोघांच्याही अंगात नीलकवच होतं.

"योगायोग असेल असं मी म्हणत होतो," मुजावर म्हणाले. "म्हणायचं होतं मला तसं."

"डॉक्टर, ज्याला भीती वाटत नाही, त्याला दुखलेलं सांगता येतं की. ही मुलं सांगतच नाहीत."

"एक गोष्ट तपासायची राहिली आहे. नोंदी घेतल्या तेव्हा प्रत्येक मूल बाहेर आल्यावर आपण लाळेचा नमुना घेतला होता. शीतकपाटात पडून आहेत. मूल घाबरलं की लाळेत ताणद्रव्य वाढतं. ते काही लपत नाही."

"मग तेव्हाच का नाही तपासले?"

मुजावरांनी चष्मा काढून पुसला. "रेघा इतक्या सुंदर होत्या, केतकी. गरज वाटली नाही."

तपासणीला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी मुजावरांनी तिला बोलावलं, खुर्चीवर बसायला सांगितलं, आणि कागद तिच्याकडे न देता स्वतःच वाचला. "दोनशे चौदा मुलांत सर्वांत जास्त ताणद्रव्य असलेली पाच मुलं. त्यांत दुसरी जुई आहे."

"म्हणजे ती घाबरली होती?"

"जी मुलं किंचाळत बाहेर पळाली, त्यांच्यापेक्षा जास्त." ते सावकाश बोलत होते, जणू स्वतःलाच समजावत होते. "मूल घाबरलं की शरीर दोन कामं करतं. आतल्या आत ताणद्रव्य सोडतं आणि बाहेर हाक पाठवतं. रडणं, धडधड, घाम, चेहरा, ही सगळी हाकच. पहिलं काम थांबवता येत नाही. दुसऱ्याचं तसं नाही. हाक मारली आणि कुणी आलं, की शरीर पुढच्या वेळी पुन्हा मारतं. खूपदा मारली आणि कुणीच आलं नाही, तर ते हे काम बंद करून टाकतं. उगाच ताकद कशाला घालवायची? भीती तशीच राहते, फक्त बाहेर येत नाही. शूर मूल आणि असं मूल, दोघांच्या रेघा सारख्याच दिसतात. आपण रेघा पाहिल्या."

 केतकीला माडीवरचं पाळणाघर आठवत होतं. जुई अकरा महिन्यांची असताना ती कामावर रुजू झाली होती. पाळणाघर बरोबर तिच्या टेबलाच्या डोक्यावर. लाकडी तक्तपोशीतून रडणं खाली स्पष्ट ऐकू येई. पाच मिनिटांत जाते, असं ती मनाशी म्हणे. हातात कात्री असे, कापड अर्धं कापलेलं असे, ते सोडलं तर तिरकं जाई. पाच मिनिटांची वीस होत. मग रडणं आपोआप थांबे. पुढे पुढे ते लवकर थांबू लागलं. मग येईनासंच झालं. तेव्हा ती शेजारच्या टेबलावरच्या बायकांना म्हणाली होती, "शहाणी आहे हो माझी. कळतं तिला."

"जुईचा नमुना काढून घ्या," ती म्हणाली. "आजच."

चौगुले वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही पत्रं दोनदा वाचली आणि उत्पादन थांबवलं. मुजावरांनी नवा नमुना निवडला. बाराव्या मुलाचा. हा मुलगा आत जाताच "आई" म्हणून ओरडला होता, त्याच्या आईनं दार उघडून डोकं आत घातलं होतं, आणि मग त्यानं तिला म्हटलं होतं, "आता तू जा, मी थांबतो." दिवे पुन्हा घालवल्यावर उरलेला वेळ तो अंधारात भिंतीला धरून उभा राहिला होता. त्याच्या रेघा डोंगरासारख्या वर गेल्या होत्या आणि मग हळूहळू खाली आल्या होत्या. "धैर्य हे असं दिसतं," मुजावर म्हणाले. "आधी भीती, मग हाक, मग पुढचं." निळाच रंग, तेच बूट, फक्त छातीवरच्या रेघा तांबड्या. जुना पोशाख आणा, नवा मोफत घेऊन जा, अशी जाहिरात दिली. सोबत कारणही छापलं. लपवलं काहीच नाही.

अदलाबदलीसाठी एका शाळेचं सभागृह घेतलं होतं. पहिल्या दिवशी रांग फाटकापर्यंत गेली. केतकी स्वतः टेबलावर बसली, प्रत्येक मुलाला नवा पोशाख घालून देत होती. दुसऱ्या आठवड्यात तीच माणसं पुन्हा आली, नवा पोशाख पिशवीत घालून.

"ताई, ह्यो नको बघा," एक बाई म्हणाली. कडेवर धाकटं, हाताला धरलेला मोठा मुलगा. "आमचा जुना माघारी द्या. हे घातल्यापासनं घटकेला आई, घटकेला आई. कापलं की आई, पडलं की आई, अंधार पडला की आई. जीव खाल्ला की हो माझा!"

"पण वहिनी, तो हाक मारतोय हे चांगलंच आहे. जुन्यात तो गप्प का असायचा, ते वाचलंत ना तुम्ही?"

"वाचलं की." बाईनं नजर चुकवली. "मला सकाळपासनं दोन पाळ्या असतात, ताई. मी हाकेला ओ देणार कवा? गप होता ते बरं होतं. त्याला बी, मला बी."

तिच्या मागे उभे असलेले गृहस्थ बँकेत अधिकारी होते. त्यांची भाषा निराळी, मागणी तीच. त्यांच्या मुलीनं वर्षभरात कमावलेला आत्मविश्वास नव्या पोशाखानं आठवड्यात घालवला, असं त्यांचं म्हणणं. "ती आता परीक्षेच्या आधी रडते," ते म्हणाले. "आधी कधी रडली नव्हती."

"आधीही ती तितकीच घाबरत होती."

"असेल. पण आम्हाला त्रास नव्हता."

केतकीनं मुलीकडे पाहून विचारलं, "तुला कोणता हवा?" मुलीनं वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं. "जुना," ती म्हणाली.

केतकीनं बंदीसाठी अर्ज केला. बालवस्तू सुरक्षा समितीनं तिला आणि मुजावरांना बोलावलं, लाळेच्या तपासणीचे कागद ठेवून घेतले, आणि दोन महिन्यांनी उत्तर दिलं. समितीनं नीलकवच वापरणाऱ्या चार हजार मुलांची विचारपूस केली होती. प्रत्येकाला स्वतंत्र खोलीत बसवून, आपुलकीनं विचारलं होतं: तुला काही त्रास होतो का? भीती वाटते का? कुठे दुखतं का? चार हजारांत एकाही मुलानं तक्रार केली नव्हती. नव्या पोशाखाच्या मुलांनी मात्र शेकड्यांनी केल्या होत्या. म्हणून समितीनं नव्या पोशाखाचीच फेरतपासणी सुचवली होती.

मुजावरांनी ते पत्र वाचलं आणि हसू लागले. त्यांचं हसणं थांबेना, तेव्हा केतकीनं त्यांना पाणी दिलं. त्या महिन्याअखेर त्यांनी राजीनामा दिला. चौगुल्यांनी जुना पोशाख पुन्हा सुरू केला, आत इशाऱ्याची पट्टी शिवून. "मी लोकांना दोन्ही दाखवले," ते केतकीला म्हणाले. "निवडले त्यांनी." त्यांच्या आवाजात समाधान नव्हतं.

तिनंही काम सोडलं. जाताना बाराव्या नमुन्याच्या कापडाचा एक तुकडा मागून घेतला. आता तिला हजारो मुलांचं काही करता येत नव्हतं, एकीचं करायचं होतं. जुईच्या शाळेत वेषभूषेचा कार्यक्रम महिनाभरावर आला होता.

"तुला काय व्हायचंय, सांग," ती म्हणाली. "कुणीही. नवा हिरो काढू आपण."

"काहीही चालेल," जुई म्हणाली.

"रंग तरी सांग."

जुईनं समोरच्या कपाटावरच्या डब्याकडे पाहिलं. डबा हिरवा होता. "हिरवा," ती म्हणाली.

केतकीनं हिरवा पोशाख शिवला. आत त्या बाराव्या नमुन्याच्या कापडाचं अस्तर लावलं आणि जुईनं तो सरावासाठी रोज घालावा असं ठरवलं. मुजावरांना फोन करून विचारलं. ते मिरजेला बहिणीकडे राहायला गेले होते. "लागू पडेल?"

"तीन-चार आठवड्यांत पडायला हवा. हाक परत येईल." मग ते म्हणाले, "केतकी, एक ध्यानात ठेव. नमुना फक्त हाक देतो. ती कुणाला मारायची, ते देत नाही. त्या बाराव्या पोराची आई दार उघडून आत आली होती. ते त्याचं त्याला ठाऊक होतं. कापडात ते नाही."

विसाव्या दिवशी जुईनं गरम थाळीला बोट लावलं आणि म्हणाली, "चटका बसला." केतकीनं तिचं बोट आपल्या तोंडात धरलं आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडली. जुई बावरून तिच्याकडे पाहत राहिली.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांत मुलांचे कपडे बदलण्याची सोय होती. एका वेळी एक मूल. जुईची पाळी आली.

"मी इथेच दाराशी उभी आहे," केतकी म्हणाली. "कुठेही जाणार नाही. काही लागलं, भीती वाटली, तर हाक मार. मारशील ना?"

"हो."

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं वीज गेली. पुढच्या मांडवातला भोंगा बंद पडला, मुलांचा गलका झाला. खोलीला खिडकी नव्हती. केतकीनं कान दाराला लावला. आत काहीतरी पडलं, मग कडी खडखडली, पुन्हा खडखडली. अडकली होती.

केतकी ओरडणार होती, पण तिनं तोंडावर हात दाबून धरला. एक, दोन, तीन, ती मोजत राहिली. तिला ऐकायचं होतं. इतक्या वर्षांत न ऐकलेलं तिला एकदा ऐकायचं होतं. अकराव्या आकड्याला आत श्वास ओढल्याचा आवाज झाला, गळा आवळल्याचा, आणि जुईनं हाक मारली. मोठ्यानं, थरथरत, कुठल्याही लहान मुलानं मारावी तशी.

"कुणी आहे का?"

केतकीचा हात दारावर होता. "जुई! मी आहे! आई!" तिनं दाराला खांदा लावला. पत्रा वाजला, पण कडी निघेना. "मी इथेच आहे गं, बाळा! घाबरू नकोस!"

 जुई रडत होती. रडता रडता तिनं आवाज आवरला आणि समजूतदारपणे म्हणाली, "आई, तू आहेस का? मग कुणाला तरी बोलाव ना."

केतकीनं पुन्हा एकदा खांदा लावला. दार हललं नाही. मग ती वळली, आणि दार सोडून कुणाला तरी बोलवायला धावली. मागे ती हाक चालूच होती.